स्कॉलरवरच्या आकड्यांवरून पीएचडीचा गाईड कसा निवडायचा?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. भाचीने रसायनशास्त्रात एमएस्सी केली, नेट-जेआरएफही काढली. आता पीएचडी, तीही पुण्यातच, असा तिचा हट्ट आहे. दोन गाईड डोळ्यासमोर आहेत. नावं अर्थातच देत नाही. एका सरांच्या गूगल स्कॉलरच्या (संशोधकांचे पेपर दाखवणारं गूगलचं संकेतस्थळ) पानावर सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख, सहा हजारांवर, एच-इंडेक्स ३८. दुसऱ्या मॅडम, वयाने बऱ्याच लहान, सायटेशन्स अकराशेच्या आसपास, एच-इंडेक्स १७. आमचे मेहुणे म्हणतात, अडतीस कुठे नि सतरा कुठे, यात विचार कसला करायचा? भाचीला मॅडमचं काम जास्त आवडलंय, पण वडिलांपुढे तिला ते नीट मांडता येत नाही. मी जन्मभर बँकेत काढला. सिबिल स्कोअर बघून कर्ज द्यायचं की नाही ते सांगेन, पण हा एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचा सिबिल समजायचा का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टीपकागद

सिबिल नका समजू. सिबिलमध्ये निदान फेडलेले आणि थकवलेले हप्ते वेगळे दिसतात. सायटेशनमध्ये 'या कामामुळे आमचं काम उभं राहिलं' आणि 'हे काम चुकीचं आहे' या दोन्ही उल्लेखांना प्रत्येकी एकच गुण.

आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते. माणसाचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांना १००, ४०, ९, ३, १ अशी सायटेशन्स आहेत. तिसऱ्या पेपरला निदान तीन आहेत, चौथ्याला मात्र चार नाहीत. एच-इंडेक्स ३. पहिल्या पेपरला शंभराच्या जागी दहा हजार असती तरी उत्तर ३च. म्हणजे एकच जबरदस्त काम करणारा इथे मागे पडतो आणि मध्यम काम सातत्याने करणारा पुढे जातो. होर्हे हिर्श नावाच्या सॅन दिएगोच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप काढलं. त्याने तेव्हा अंदाजही दिला होता: अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर होताना साधारण १२, प्रोफेसर होताना साधारण १८. हे भौतिकशास्त्रापुरतं हं. तरी तुमच्या मॅडमचे १७ मेहुण्यांना वाटतात तितके किरकोळ नाहीत, एवढं लक्षात घ्या.

दुसरं, हा आकडा वय वाढलं की वाढतोच. माणूस निवृत्त झाला, पेपर लिहायचा थांबला, तरी जुन्या पेपरांना सायटेशन्स येत राहतात. मुद्दाम काही काढून टाकल्याशिवाय तो खाली येत नाही. त्यामुळे तीस वर्षं काम केलेल्या माणसाशी बारा वर्षं काम केलेल्याची तुलना करताना आधी पहिला पेपर कोणत्या साली आला ते बघा.

तिसरं, एकाच माणसाचा एच-इंडेक्स स्कॉलरवर एक, स्कोपसवर दुसरा, वेब ऑफ सायन्सवर तिसरा (या दोन्ही पेपर आणि सायटेशन्स मोजणाऱ्या सूची). स्कॉलर सगळ्यात उदार. प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीचे मसुदे), कॉन्फरन्सचे पेपर, कुठे तरी चढवलेल्या पीडीएफ, सगळं मोजतो. वेब ऑफ सायन्स निवडक जर्नल्सच धरतो. दोघांचे आकडे एकाच ठिकाणाहून घेतलेत ना?

मुठाकाठ

हो, दोन्ही स्कॉलरवरचेच. धन्यवाद, पाच पेपरांचं उदाहरण मेहुण्यांना फॉरवर्ड केलं.

रसायनी

पाषाण रोडवरच्या एका लॅबमधून पीएचडी केलेली आहे, म्हणून लिहिते. काका, एकूण आकडा सोडून द्या आणि भाचीला शेजारी बसवून दोन्ही पानं उघडा.

उजवीकडे वर्षवार उभ्या पट्ट्यांचा आलेख असतो. तो चढतोय, सपाट आहे की २०१५-१६ नंतर उतरतोय? मग यादी वर्षानुसार लावा. आपोआप ती सायटेशननुसार लागलेली असते, त्यामुळे सगळ्यांना पंधरा वर्षांपूर्वीचे हिरे आधी दिसतात. गेल्या चार-पाच वर्षांत काय आलंय, कुठे आलंय, ते बघा. भाची तिथे आत्ता जाणार आहे, २००९ मध्ये नाही.

मग सगळ्यात जास्त सायटेशनवाला पेपर उघडा. तो रिव्ह्यू आर्टिकल आहे का? रिव्ह्यू म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा. प्रस्तावनेत एका ओळीत उल्लेख करायला सोपा, त्यामुळे त्याला सायटेशन्स धो-धो येतात. वाईट काही नाही, चांगला रिव्ह्यू लिहायला अभ्यास लागतो. पण त्यावरून प्रयोगशाळेत काय चालतं ते कळत नाही.

मग लेखकांची नावं. रसायनशास्त्रात साधारणपणे पहिलं नाव ज्या विद्यार्थ्याने बाकावर उभं राहून काम केलं त्याचं आणि तारांकित नाव (करस्पाँडिंग ऑथर) ज्याची कल्पना, ज्याचा ग्रँट, त्याचं. मधली नावं म्हणजे कुणी एनएमआर काढून दिलं, कुणी क्रिस्टल सोडवलं. सरांचं नाव सतत मध्येच येत असेल तर ते चांगले सहकारी आहेत, पण विषय दुसऱ्याचा आहे. आणि भाचीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या जागी विद्यार्थ्यांची नावं येतात का? एकाच विद्यार्थ्याची दोन-तीन वेळा येतात का? येत असतील तर तो गाईड मुलांना लिहू देतो.

चौकट

+१. विषयाविषयातला फरक राहिला. मी गणितवाला. आमच्याकडे पेपरला वीस सायटेशन्स आली तर पेढे वाटावेत अशी स्थिती, तीही पाच-सात वर्षांत. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये 'अत्युच्च सायटेशनवाल्या संशोधकां'च्या यादीतून गणित हा विषयच वगळला, कारण इतक्या लहान विषयात थोड्या लोकांनी एकमेकांना उल्लेखलं तरी यादी हलते.

उलट टोक बघा. जगात सर्वाधिक सायटेशन्स मिळालेल्या पेपरांत अनेक वर्षं अग्रभागी आहे तो लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर. विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत. सायटेशन्स तीन लाखांच्या वर. सापेक्षतावाद नाही, डीएनए नाही. जी पद्धत रोज हजार लॅब वापरतात तिचा उल्लेख रोज होतो, इतकंच.

आणि संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचा १९४५ चा तो प्रसिद्ध पेपर. क्रामर-राव आणि राव-ब्लॅकवेल, संख्याशास्त्रातले दोन्ही पायाभूत निष्कर्ष त्यातले. छापला कुठे, तर कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये. आजच्या एखाद्या निवड समितीसमोर तो ठेवला तर पहिला प्रश्न येईल, 'या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?'

बखर

आमच्या मानव्यविद्यांचं तर विचारूच नका. लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. सुकथनकर, बेलवलकर, प. ल. वैद्य अशा संपादकांच्या हाताखालून ते गेलं. सुकथनकर तर मध्येच १९४३ मध्ये गेले. बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांतली. एकेका श्लोकाखाली पाठभेदांच्या ओळी मूळ श्लोकापेक्षा लांब. आज जगात कुणीही महाभारतावर गंभीरपणे लिहितो तो त्या आवृत्तीचाच अध्याय-श्लोक क्रमांक देतो.

याची सायटेशन्स मोजा बरं! एक जण 'सुकथनकर' म्हणून उल्लेख करतो, दुसरा 'पूना आवृत्ती' म्हणून, तिसरा नुसतंच 'चि. आ.' लिहितो. संगणकाला ही तीन वेगळी पुस्तकं. आणि हस्तलिखितं ताडून पाहणारे जे पंडित पगारावर बसलेले होते, त्यांच्या नावावर काय जमा? शून्य. डेक्कन कॉलेजात इरावती कर्व्यांचं नातेसंबंधांवरचं काम १९५३ मध्ये पुस्तक म्हणून आलं. स्कोपसचा सगळा भर जर्नलवर, त्यात अशा पुस्तकांना आणि मराठीतल्या लेखनाला जवळपास जागाच नाही. इतिहासातला माणूस सात वर्षं पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल (गाठोडी) उलगडून एक ग्रंथ लिहितो, त्याचा एच-इंडेक्स १.

धागाकर्त्यांचा विषय रसायनशास्त्र आहे, ठाऊक आहे. राहवलं नाही.

नाव_नको

आयडीवरून समजून घ्या. एका कॉलेजात शिकवतो.

इथे सगळे मोठ्या संस्थांबद्दल बोलताहेत. आमच्याकडे पेपर मोजले जातात ते कॅससाठी, म्हणजे बढतीसाठी. यूजीसीने २०१० मध्ये एपीआय आणला, प्रत्येक पेपरला गुण ठरले, आणि रातोरात जर्नल्सचं पीक आलं. 'आठवड्यात छापून मिळेल, आयएसएसएनसह, सर्टिफिकेट मोफत.' आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक. त्याचा दर्जाशी काडीचा संबंध नाही, पण आमच्या स्टाफरूममध्ये तो आयएसआयच्या शिक्क्यासारखा मिरवला जातो.

२०१८ च्या नियमांनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे दोघांचे मिळून १४०! हे गणित ज्या दिवशी स्टाफरूमला कळलं, त्या दिवसापासून एकट्याने पेपर लिहिणारा मूर्ख ठरला. माझ्या एका पेपरावर एका वरिष्ठांचं नाव आहे. पेपर कशावर आहे ते त्यांना त्याच्या प्रकाशनानंतर मीच सांगितलं.

टीपकागद

@नाव_नको, याच विषयात पुण्याने एक मोलाचं काम केलंय, ते इथे नोंदवायला हवं. यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली होती. त्यातली बरीच नावं विद्यापीठांच्याच शिफारशीने घुसलेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या गटाने या विद्यापीठ-शिफारशीच्या भागातून नमुना काढून तपासला आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निकाल छापला: नामांकित सूचींत नसलेली जी हजारेक जर्नल्स तपासली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकली नाहीत. कुणाचा पत्ता खोटा, कुणाच्या संपादक मंडळाची माहितीच चुकीची. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढे २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली, तिचं विश्लेषणाचं कामही पुणे विद्यापीठातच चालायचं. २०२५ मध्ये ती यादी यूजीसीने बंद केली आणि आता संस्थांनी आपापले निकष लावावेत असं ठरलंय. म्हणजे चेंडू पुन्हा त्याच विद्यापीठांकडे, ज्यांच्या शिफारशीने ते तण वाढलं होतं. मला तरी हे पाऊल पटलेलं नाही.

अवांतरात अवांतर: नोव्हेंबर २०२२ च्या नियमांपासून पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीही गेली. संस्था स्वतःची अट ठेवू शकते. भाचीने तेवढं विचारून घ्यावं.

औंधचा_वाटसरू

सगळे मिळून बिचाऱ्या एच-इंडेक्सला झोडपताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आकडा नको तर मग निवड कशावर करायची? 'सर फार विद्वान आहेत हो' यावर? आपल्याकडे आकडे नव्हते तेव्हा नेमणुका कशा व्हायच्या, ते इथल्या जुन्या मंडळींनी सांगावं. आडनाव, ओळख, कुणाचा विद्यार्थी, कुणाचा जावई. आकडा निदान खेड्यातून आलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या पोराला दाखवता येतो. समितीला तो झाकता येत नाही. मी स्वतः त्या आकड्याच्या जोरावर नोकरीला लागलोय. संशोधनाचा दर्जा पेपर वाचून ठरवावा हे मान्य, पण शंभर अर्जांचे पाचशे पेपर कोण वाचतो?

रसायनी

@औंधचा_वाटसरू, वशिल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. चाळणी म्हणून आकडा वापरा, कुणाचं भांडण नाही. बारा वर्षांत एच-इंडेक्स ३ असलेला गाईड प्रयोगशील रसायनशास्त्रात असेल तर मी भाचीला म्हणेन, बाई, जरा थांब. पण चाळणीतून दोघं खाली आले की आकड्याचं काम संपलं. पाचशे पेपर कुणीच वाचत नाही, म्हणून तर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संशोधन-मूल्यमापनाचा जाहीरनामा निघाला. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस जोखू नका, कामात काय आहे ते बघा, हा त्याचा गाभा. उमेदवारानेच आपले पाच पेपर निवडून द्यावेत, तेवढे वाचावेत. एवढं तर समितीला जमेल?

आणि इम्पॅक्ट फॅक्टर मुळात जर्नलचा. गेल्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढंच तो सांगतो. त्यातही मोजक्या लेखांनी सरासरी ओढलेली असते.

औंधचा_वाटसरू

पाच पेपर वाचणारी समिती मला अजून भेटायची आहे. बाकी सहमत.

चौकट

लेखकसंख्येचं एक टोक सांगायचं राहिलं. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा एकत्रित पेपर: लेखक ५१५४. तेहतीस पानांतली चोवीस पानं लेखक आणि संस्थांच्या यादीची. गुरुत्वीय लहरींचा २०१६ चा पेपरही हजारावर लेखकांचा, त्यात पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोलसंस्थेची मंडळी आहेत. मोठ्या यंत्रावर असंच काम होणार, त्यात गैर काही नाही. पण अशा गटातल्या तरुणाचा एच-इंडेक्स आणि एकट्याने टॉपॉलॉजी (गणिताची एक शाखा) करणाऱ्याचा एच-इंडेक्स शेजारी शेजारी ठेवणारी समिती मी पाहिली आहे.

नाव_नको

आणि ते फ्लेक्स! 'जगातील अग्रगण्य दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या प्राध्यापकांची निवड, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून गौरव.' दरवर्षी गेटवर एक लागतो. शेजारी अध्यक्षांचा फोटो, शास्त्रज्ञापेक्षा मोठा.

टीपकागद

निवडही नाही आणि गौरवही नाही. स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून एक कोष्टक तयार करतात आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. २०१९ पासून ते येतंय. कुणी अर्ज करत नाही, कुणी मुलाखत घेत नाही. कोष्टक तसं विचारपूर्वक केलेलं आहे. एकट्याने लिहिलेले, पहिल्या किंवा शेवटच्या जागी नाव असलेले पेपर वेगळे धरतात, आणि स्वतःच स्वतःचा उल्लेख केलेली सायटेशन्स वजा करूनही क्रम देतात. मात्र याद्या दोन असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, एक फक्त त्या वर्षाची. फ्लेक्सवर कुठली ते कधीच लिहिलेलं नसतं. पुढच्या वेळी कोष्टक उतरवून घ्या आणि त्या नावासमोरचा स्व-उल्लेखांच्या टक्केवारीचा रकाना बघा. कधी कधी करमणूक होते.

मुठाकाठ

मंडळी, काल रात्री भाची, मेहुणे आणि मी तिघं लॅपटॉपपुढे बसलो. रसायनीताईंनी सांगितलं तसं एकेक उघडत गेलो.

सरांच्या सहा हजारांतली बावीसशे एकाच रिव्ह्यूची. त्यावर अकरा लेखक, सरांचं नाव सातवं. पट्ट्या चार वर्षांपासून उतरत्या. मात्र त्यांचे २००८ ते २०१३ मधले काही पेपर भाचीच्या मते खरोखर उत्तम, तिने एमएस्सीला त्यातला एक वाचलाही होता. मॅडमच्या यादीत रिव्ह्यू एकच. बाकी बहुतेक पेपरांवर पहिलं नाव कुणा ना कुणा विद्यार्थ्याचं, एका मुलीचं तीन वेळा.

एक गंमत झाली. मॅडमच्या यादीत मधेच गोड्या पाण्यातल्या माशांच्या रोगांवरचे दोन पेपर. मेहुण्यांनी लगेच पकडलं, 'या रसायनशास्त्रवाल्या ना?' आता हे काय?

रसायनी

नावबंधू! स्कॉलरवर 'आपोआप भर घाला' असं ठेवलं की आडनाव आणि आद्याक्षरं जुळणारे पेपर तो स्वतःच चिकटवतो. महाराष्ट्रात एस. एस. कुलकर्णी आणि पी. व्ही. पाटील किती असतील सांगा. त्यात कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर बायकांचं दोन्ही बदलतं. माझे स्वतःचे पेपर दोन आडनावांखाली विखुरलेत. म्हणून २०१२ पासून ऑर्किड आलं, सोळा आकडी क्रमांक. नाव बदला, गाव बदला, क्रमांक तोच. भाचीला पहिल्या पेपरच्या आधी काढायला सांगा, फुकट आहे. मॅडमच्या माशांवर जाऊ नका. दोन उपरे पेपर असणं निष्काळजीपणा फार तर. पंचवीस असते आणि सायटेशनला भर घालत असते तर वेगळा विचार केला असता.

आता कागदावर नसलेलं. दोघांच्याही सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायला सांगा, लॅबमध्ये नको, बाहेर चहाच्या टपरीवर. विचारायचं एवढंच: मसुदा दिला की सर किती दिवसांनी परत देतात? रसायनं संपली की किती दिवस थांबावं लागतं? कुणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर गाईडच्या नावाने जुने प्रबंध सापडतात, त्यावरून कोण किती वर्षांत सुटलं त्याचा अंदाज येतो.

टीपकागद

आणि दोन नियम तपासा. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. मॅडमकडे जागा आहे का? दुसरं, निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांचं वय बघता हे आधी विचारा, म्हणजे कदाचित मेहुण्यांशी वाद घालायचीच वेळ येणार नाही.

मुठाकाठ

सरांना अडीच वर्षं उरलीत! भाचीने त्यांच्याच विद्यार्थ्याकडून काढलं. मेहुणे गप्प आहेत. मॅडमना मेल गेलाय. त्यांनी स्वतःचाच एक पेपर पाठवून 'यातलं काय पटलं नाही ते लिहून आण' असं कळवलंय, गुरुवारी बोलावलंय. भाची कालपासून खोलीतून बाहेर आलेली नाही.

बखर

'काय पटलं नाही' विचारणाऱ्या मॅडम. घ्या हो प्रवेश.

नाव_नको

या धाग्यामुळे माझं स्कॉलरचं पान उघडून बघितलं. माझ्या नावावर सोयाबीनच्या वाणांवरचे तीन पेपर होते, मी वाणिज्य शिकवतो. काढून टाकले. एच-इंडेक्स ६ वरून ५ वर आला. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) फाईलला ६ चा प्रिंटआउट गेल्याच महिन्यात लागलाय, तो काही मी बदलायला जात नाही.